आवाज बाहेर काढून ठेवा : दहा आठवड्यांची तालीम-वही

१ जून, रविवार

शेडची किल्ली ताब्यात आली. सोलापूरच्या पूर्व भागातली, गल्लीच्या टोकाची शेड. मालकाने चारही यंत्रमाग भंगारात घातल्यापासून रिकामी पडून होती. माग गेले, पण जमिनीत रोवलेले त्यांचे बोल्ट बोटभर वर तसेच आहेत आणि तेलाचे डाग दोनदा धुऊनही गेले नाहीत. म्हणून पहिला नियम असा ठरला की चपला घालूनच आत यायचं. रंगमंचाला हात लावून नमस्कार केल्याशिवाय पाऊल न टाकणाऱ्या आम्हा नाट्यस्पर्धावाल्यांना हे जरा जडच गेलं. भाडं नाही, फक्त लाइटबिल भरायचं. पंखा एक. भिंतीपलीकडची शेड मात्र चालू आहे, त्यामुळे खटखट कायम सोबतीला.

प्रकल्प काय ते एकदा नीट लिहून ठेवतो, म्हणजे कुणी विचारलं तर वही पुढे करता येईल. सॅनफर्ड माइस्नर (१९०५–१९९७) हा न्यूयॉर्कचा नाट्यशिक्षक. तिथल्या नेबरहूड प्लेहाउसमध्ये १९३५ पासून त्याने कित्येक दशकं अभिनय शिकवला आणि शिकवता शिकवता सरावांची एक साखळी बसवली. आधी नुसतं ऐकायचं, मग समोरच्याचं वाक्य परत म्हणायचं, मग हाताला खरं काम आणि दारावर थाप, आणि हे सगळं अंगात मुरल्यावर संहिता. ही साखळी मराठीत, सोलापुरात, आठवड्याला दोन बैठका करून बघायची. काय जमतं, काय आपल्या भाषेत अडकतं, ते या वहीत आणि मोबाइलच्या रेकॉर्डिंगमध्ये ठेवायचं. राज्य नाट्य स्पर्धेच्या तालमी लागायच्या आत उरकायचं.

माणसं पाच. बँकेतून निवृत्त झालेले काका, एक शाळामास्तर, कॉलेजचा पोरगा, अक्का आणि मी. अक्का बिड्या वळते, घरात तेलुगू बोलते, आणि आमच्यातली ती एकटीच कधी नाटकात उभी राहिलेली नाही. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या. तरुणपणी एका परदेशी शिक्षकाकडे ही पद्धत शिकल्या, पुण्यात पुष्कळ वर्षं शिकवलं, आता भावाकडे असतात. त्यांनी एकच अट घातली. पाण्याचा दिवस, म्हणजे नळाला पाणी येण्याचा दिवस, असेल तर सुट्टी, बाकी कुठलंही कारण सांगायचं नाही.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला एक उतारा वाचायला लावला. मी नऊ वर्षं स्पर्धेत उभा राहतोय, दोनदा अभिनयाचं प्रशस्तिपत्र घेतलंय. परीक्षकांनी प्रत्येक वेळी एक गोष्ट हमखास लिहिली ती म्हणजे आवाज उत्तम. मी खर्ज लावून झकास वाचलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“आवाज छान आहे. उद्यापासून चपला घालून आत या आणि आवाज बाहेर काढून ठेवा.”

४ जून, बुधवार

बाई म्हणाल्या, एक मिनिट घ्या आणि पलीकडे किती माग चालू आहेत ते मोजा.

सगळे बसलो. मी डोळे मिटले, मान तिरकी केली, कपाळाला आठ्या घातल्या. मिनिट संपल्यावर काकांनी सहा सांगितले, मास्तरांनी अकरा, पोराने आठ. अक्का म्हणाली, “लई आहेत.” मी म्हणालो नऊ.

बाई माझ्याकडे वळल्या. “तुम्ही मोजत होता, की मोजणारा माणूस करून दाखवत होता?”

मला राग आला, कारण नऊ हा आकडा मी शेवटच्या पाच सेकंदात ठोकून दिला होता. आधीची पंचावन्न सेकंदं कपाळावरच्या आठ्यांत गेली होती.

नंतर त्यांनी सांगितलं की माइस्नर आपल्या वर्गात हेच करायचा, फक्त तिकडे माग नव्हते. बाहेरच्या रस्त्यावर किती गाड्या ऐकू येतात ते मोजायला सांगायचा आणि मग विचारायचा, हे तू स्वतः ऐकलंस की एखादं पात्र होऊन ऐकलंस? त्याच्या शिकवणीचा पायाच हा. काम करायचं तर खरोखर करायचं. ऐकायचं म्हणजे ऐकायचं, ऐकल्यासारखं करायचं नाही. कागदावर हे इतकं बाळबोध दिसतं की लिहायलाही लाज वाटते.

८ जून, रविवार

पुनरुक्तीचा सराव सुरू. आमच्यात त्याचं नाव पहिल्या अर्ध्या तासातच ‘पोपट’ पडलं.

दोघं समोरासमोर बसतात. एकाला समोरच्यात जे दिसतं ते तो बोलतो. दुसरा तेच परत म्हणतो. पहिला पुन्हा तेच. आपणहून काही घालायचं नाही, रंजक करायचं नाही. वाक्य आपोआप बदलेल तेव्हाच बदलायचं, म्हणजे समोरच्यात काहीतरी घडलं तर. पहिल्या पायरीला शब्दाला शब्द. “शर्टाचं बटण तुटलंय.” “शर्टाचं बटण तुटलंय.” इथवर ठीक.

दुसऱ्या पायरीला आपल्या बाजूने म्हणायचं, आणि तिथे मराठीने पाय ओढला. इंग्रजीत ‘तू’चा ‘मी’ केला की बहुतेक काम भागतं. आपल्याकडे क्रियापदाची शेपटीही फिरते, आणि ती नुसत्या ‘मी-तू’वर नाही तर बाई की पुरुष, मान द्यायचा की नाही, या सगळ्यावर. काका अक्काला म्हणाले, “तू हसतेयस.” तिने म्हणायचं, “मी हसतेय.” अक्का काकांना म्हणाली, “तुम्ही हसताय,” त्यांनी म्हणायचं, “मी हसतोय.” प्रत्येक वळणावर प्रत्येकाचे डोळे क्षणभर छताकडे जात होते.

“डोळे वर गेले की समजायचं, माणूस शाळेत गेला,” बाई म्हणाल्या. “व्याकरण चुकू दे. थांबू नका.”

११ जून, बुधवार

पाण्याचा दिवस. काका आणि मास्तर आले नाहीत. बाईही उशिरा आल्या, त्यांच्याकडेही आजच होतं. तिघांनी एक तास पोपट केला. विशेष काही नाही. पंख्यातून येणारी हवाही गरम होती.

१५ जून, रविवार

व्याकरणाच्या थांब्याचं कोडं सुटलं, आणि सोडवलं पोराने. तो आणि मी समोरासमोर. मी कितीतरी वेळ त्याच्या ओठांकडे बघत असणार, कारण तो एकदम सोलापुरी बोलीत म्हणाला, “काय बघलालास बे?”

“काय बघलालोय बे,” माझ्या तोंडून गेलं. डोळे वर गेले नाहीत. मग पाच मिनिटं ‘बघलालास-बघलालोय’ असं चाललं आणि त्यात कुठे खाच पडली नाही. शेपटी तर इथेही फिरत होती, व्याकरण काही सोपं झालं नव्हतं. म्हणजे तो थांबा व्याकरणाचा नव्हताच. तो स्पर्धेच्या मराठीचा होता, जी मी शनिवार-रविवारी इस्त्री करून अंगावर चढवतो.

‘तू की तुम्ही’ हा प्रश्नही निघाला. मास्तरांचं म्हणणं, सरावापुरतं सगळ्यांनी एकमेकांना ‘तू’ म्हणावं, समोरासमोर बसल्यावर वय कशाला मधे? बाईंनी साफ नकार दिला. “रस्त्यात भेटल्यावर काकांना तू म्हणाल का? मग इथे म्हटलात तर ते नाटक. जे खरं असेल ते म्हणा. आतून बदललं तर बदलू द्या.” मला हे पटलं. पाश्चात्त्य पद्धत आणायची म्हणून आपले मान-अपमान दाराबाहेर ठेवायचे, ही पळवाट झाली. ‘तुम्ही’ म्हणत म्हणत माणूस समोरच्याला किती टोचू शकतो हे सोलापूरकरांना शिकवायला नको.

१८ जून, बुधवार

आज अक्का आणि मास्तर. मास्तर तिला सारखं सुधारत होते, ती वाक्य म्हणाली की परत म्हणताना तिचं मराठी दुरुस्त करून म्हणायचे. बाईंनी दोनदा टोकलं. तिसऱ्यांदा अक्काच भडकली आणि तेलुगूत काहीतरी बोलली. मास्तर गप्प.

“म्हणा,” बाई म्हणाल्या.

“मला तेलुगू येत नाही.”

“अर्थ कुणी विचारला? जे ऐकलं ते म्हणा.”

मास्तरांनी चाचपडत ते आवाज परत काढले. अक्काने पुन्हा म्हटलं, जरा सावकाश. मास्तर पुढे झुकले, तिच्या तोंडाकडे बघत राहिले, पुन्हा म्हणाले. दहा-बारा फेऱ्या झाल्या. मास्तरांच्या चेहऱ्यावरून ‘मास्तर’ गळून पडला होता, कारण दुरुस्त करायला त्यांच्याकडे काही उरलंच नव्हतं. शेवटी अक्का हसली, मग तेही. ती काय म्हणाली होती ते तिने अजून सांगितलेलं नाही.

रात्री माइस्नरबद्दल वाचत बसलो. एक गोष्ट वाचून वही मिटून ठेवावी असं वाटलं. घशाच्या कॅन्सरमुळे त्याचं स्वरयंत्र काढलं गेलं होतं. त्यानंतर तो हवा गिळून, ढेकर काढतो तशी सोडत शब्द बनवायला शिकला, चष्म्याच्या काडीला छोटा माइक लावला, आणि शिकवत राहिला. म्हणजे ज्याच्या सरावासाठी बाईंनी माझा खर्ज दारात काढून ठेवायला लावला, त्याला स्वतःला खर्जच काय, कुठलाच सूर उरला नव्हता. बाईंना हे माहीत असणारच. पहिल्या दिवशी त्यांनी ते सांगितलं नाही.

२२ जून, रविवार

आजचं लिहायचं की नाही, विचार करत होतो. लिहितो.

काका आणि पोरगा समोरासमोर. काका म्हणाले, “तुझे हात थरथरतायत.” पोरगा म्हणाला, “माझे हात थरथरतायत.” असं चार-पाच वेळा. बाई उठून जवळ आल्या. “काय लपवतोयस? हात सांगतायत, तोंड का सांगत नाही?” तो तेच वाक्य म्हणत राहिला. बाईंचा आवाज चढला. “भित्रा आहेस. असल्या भित्र्या माणसाने नाटकात येऊ नये.” पोरगा उठला, सायकल काढली आणि गेला. बाई म्हणाल्या, “पुढची जोडी.”

संध्याकाळी त्याला फोन केला. तो रात्रपाळीला टॉवेलच्या पॅकिंगला जातो, आम्हाला कुणाला माहीत नव्हतं. तिथून थेट तालमीला आला होता. काल दुपारपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. हात त्यामुळे थरथरत होते, आत दडपलेलं वगैरे काही नव्हतं.

समोरच्यात जे आहे ते बघा, आपल्या मनातलं त्याच्यावर लादू नका, हे तीन आठवडे आम्हाला बजावणाऱ्या बाईंनी भूक बघितली आणि तिला भीती म्हटलं.

२५ जून, बुधवार

पोरगा आला नाही. मी बाईंना फोनवरचं सगळं सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. मग तालीम नेहमीसारखी, उलट जास्तच कडक.

नाटकवाल्यांत कडक मास्तराच्या गोष्टी पदकासारख्या मिरवल्या जातात. अमक्याने मला चप्पल फेकून मारली, तमक्याने शंभर लोकांसमोर रडवलं, म्हणून मी घडलो. मीही अशा दोन गोष्टी रंगवून सांगतो. आज हिशेब मांडला तर त्या दोन्ही प्रसंगांत मी नेमकं काय शिकलो ते आठवेना, अपमान तेवढा शब्दन्‌शब्द आठवतो. उलट ‘मोजत होता की दाखवत होता’ हा प्रश्न बाईंनी अगदी साध्या आवाजात विचारला होता, आणि तो तीन आठवडे झाले तरी मला सोडत नाही.

२९ जून, रविवार

गजानन महाराजांच्या पालखीची गडबड, रस्ते बंद. तालीम रद्द.

२ जुलै, बुधवार

बाईंनी मोठा डबा आणला. कडक भाकरी, शेंगा चटणी, कांदा. “आधी खाऊन घ्या, मग सुरुवात. यापुढे रोज असंच.” पोराबद्दल एक अक्षर नाही. डबा म्हणजे माफी नव्हे, हे वहीत लिहून ठेवतोय. भाकरी मात्र दोन खाल्ल्या.

आज बाबा आले होते. मला सोडायला म्हणून आले आणि शेडमध्ये रेंगाळले. बाबा गिरणीत होते, गिरणी बंद पडल्यावर यंत्रमागावर जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालते ठेवणारे. चाळीस वर्षं मागांत काढल्यामुळे आता त्यांना समोरून ओरडून सांगावं लागतं. त्यांनी जमिनीतले बोल्ट बघितले, कुठला माग कुठे होता ते स्वतःशीच पुटपुटले. मग मी त्यांना गंमत म्हणून कानात ओरडून विचारलं, पलीकडे किती चालू आहेत?

ते भिंतीजवळ गेले, तळवा टेकवला. डोळे उघडेच. कपाळावर आठी नाही. भिंतीला हात लावून एखादा माणूस बसची वाट बघत उभा असावा, तसे. थोड्या वेळाने म्हणाले, “आठ. त्यातला एक लंगडलालाय. पट्टा ढिला झालाय त्याचा.”

पोराचे आठ बरोबर होते. मी पलीकडे जाऊन विचारून आलो. पट्ट्याचंही खरं निघालं, त्यांनी उद्या बदलायला काढला होता.

बाई कोपऱ्यातून सगळं बघत होत्या. पुढे काही बोलल्या नाहीत याचं मला आश्चर्य वाटलं आणि बरंही वाटलं.

९ जुलै, बुधवार

(६ तारखेला आषाढी, सुट्टी.)

पोरगा परत आला. बाईंनी त्याला आपल्या शेजारी बसवून वाढलं. तो म्हणाला, “मॅडम, आज जेवून आलोय.” त्या म्हणाल्या, “मग परत जेव.” एवढंच बोलणं झालं. मला वाटत होतं तेवढ्यावर भागू नये. पण ज्याचं दुखलं होतं त्याला भागलं.

नवा टप्पा सुरू होतोय. एकाने हाताने एखादं काम करायचं. काम खरं हवं, जवळजवळ अशक्य वाटेल इतकं अवघड हवं आणि आत्ताच पुरं करायला तसंच कारण हवं. ते चालू असताना दुसरा दारावर थाप मारून येतो आणि पोपट सुरू. काम करणाऱ्याचं लक्ष कामात अडकल्यामुळे त्याला ‘अभिनय’ करायला सवड मिळत नाही, ही त्यातली मेख.

१३ जुलै, रविवार

अक्का सूप, कात्री, भिजवलेली पानं, तंबाखू, दोरा घेऊन आली. मांडी घालून बसली आणि बिड्या वळायला लागली. आम्ही सगळे थक्क होऊन बघत राहिलो. पान मापाने कापलं जातंय, चिमूट पडतेय, अंगठा फिरतोय, टोक दुमडलं, दोरा बसला. तिचं सूपाकडे लक्षही नव्हतं, ती आमच्याकडे बघून बोलत होती.

बाई म्हणाल्या, “हे काम नाही. ही सवय आहे. तुझे हात तुझ्याशिवाय करतायत.”

अक्काचा चेहरा पडला. दिवसाला हजार बिड्या वळणाऱ्या बाईला हे काम नाही म्हणून सांगायचं! मी बोलणार होतो. पण बाईंनी तिलाच विचारलं, तुला कधी अवघड जातं? अक्का विचार करून म्हणाली, पान वाईट आलं की. फाटकं, भोकं पडलेलं. मोजून दिलेल्या पानांत बिड्या भरल्या नाहीत की घरून पैसे घालून पान आणावं लागतं, आणि वाकडीतिकडी वळली की छाट, म्हणजे ती बिडी बाद.

पुढच्या वेळी टाकाऊ पानं आणायचं ठरलं. साठ पानं, त्यातून छाट न होणाऱ्या पन्नास बिड्या, अर्ध्या तासात.

१६ जुलै, बुधवार

तशी पानं आणली तेव्हा अक्का वेगळीच दिसली. पान उजेडात धरून उलटसुलट बघायची, भोक चुकवून कात्री कुठून घालायची ते ठरवायची, ओठ आत घेतलेले. मास्तरांनी दार वाजवलं तर “काय” एवढंच म्हणाली, आणि त्या ‘काय’मध्ये जे होतं ते आमच्या संस्थेच्या कुठल्याही नाटकात मी ऐकलेलं नाही. एकेचाळीस झाल्या. नऊ कमी पडल्या तर ती खरोखरच हिरमुसली, कुणी मालक नव्हता, कुणी पैसे कापणार नव्हतं तरी.

माझं काम ठरलं. खुर्चीला ताण्याचे, म्हणजे मागावरचे उभे, साठ धागे बांधायचे, मधून कापायचे, आणि वीस मिनिटांत सगळे विणकराच्या गाठीने सांधायचे. गाठ इतकी बारीक हवी की मागाच्या फणीतून अडकल्याशिवाय जावी. लहानपणी बाबांनी शिकवली होती, आता बोटं विसरलीत. कारण काय, असं बाईंनी विचारलं. मी म्हणालो, आई दवाखान्यात आहे, हा माल दिला तरच पैसे मिळणार. “सिनेमा,” बाई म्हणाल्या. मी म्हणालो, बहिणीचं लग्न. “तोच सिनेमा, मध्यंतरानंतर.” घरी जाऊन विचार करून या म्हणाल्या.

२० जुलै, रविवार

कारण सापडलं. सहाशे रुपये. शेजारच्याकडून घेतलेत, आज संध्याकाळी सात वाजता देतो म्हणून बोललोय, आणि तो माणूस मागायला येत नाही, नुसता दारावरून जातो. आकडा लहान असला की तो पोटात जाऊन बसतो. बाईंनी मान हलवली, शाबासकी वगैरे नाही.

आधी अक्काला दाराबाहेर उभं करून थाप शिकवण्यात पाऊण तास गेला. बाई तिच्या कानात येण्याचं कारण सांगायच्या, मग पत्र्याच्या दारावर थाप. “ही थाप कुणाचीही आहे. परत.” अकरा वेळा. बाराव्या थापेला मी हातातला धागा सोडून दाराकडे बघितलं, आणि बाई म्हणाल्या, “आता आत ये.”

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. बोटांना घाम, धागे चिकटत होते. अक्का पलीकडे उभी राहून म्हणत होती, “तुमी माझ्याकडं बघंना.” मी ते परत म्हणत होतो. गाठ सुटली. ती जवळ आली, तिची सावली धाग्यांवर पडली. मग काय झालं ते नीट सांगता येत नाही. घड्याळ बघितलं तेव्हा सतरा मिनिटं झाली होती आणि तेवीस धागे सांधले होते.

बाई एवढंच म्हणाल्या, “रेकॉर्डिंग ऐका.”

२३ जुलै, बुधवार

ऐकलं. तीनदा ऐकलं. त्यात कुणीतरी माणूस बारीक, नाकातल्या आवाजात म्हणतोय, “थांब की बे, उजेड अडवलालीस.” तो मी आहे. अक्काला, जिला मी कायम अहो-जाहो करतो, तिला ‘बे’ म्हणालो आणि मला कळलंही नाही. तिला फोन करून माफी मागितली. ती इतकी हसली की फोन ठेवावा लागला.

आवाज मला अजिबात आवडला नाही. पण ते वाक्य मी ठरवून म्हटलेलं नाही एवढं रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ कळतं. सावली पडली म्हणून ते आलं.

तरी एक आक्षेप आहे आणि तो बाईंना तोंडावर सांगितला. हे सगळं खोलीत, कॅमेऱ्यासमोर ठीक. आमच्या स्पर्धा हुतात्मा स्मृती मंदिरात होतात. तिथे शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला हा नाकातला आवाज काय ऐकू जाणार? नऊ वर्षं मी खर्ज हौस म्हणून लावलेला नाही, पोचावं म्हणून लावलाय. बाई म्हणाल्या, “प्रश्न बरोबर आहे. शेवटच्या आठवड्यात बघू.”

२७ जुलै, रविवार

संहिता आली. मास्तरांनी लिहिलेला दोन पानांचा प्रवेश, घराच्या वाटणीवरून भाऊ-बहीण. तो सपाट पाठ करायचा, चढउतार नाही, विराम नाही, भाव नाही, पाढे म्हणतो तसा. माइस्नरची हीच रीत. शब्द आधीच सुरात बसले तर समोरचा काहीही करो, आपण त्याच सुरात बोलणार. मी पूर्ण प्रवेश विरामचिन्हांशिवाय हाताने लिहून काढला. तरी पाठ करताना ‘आई असती तर’ या शब्दांवर आवाज आपोआप खाली जातो. तो उतार मोडत नाही. जुनी खोड.

३० जुलै, बुधवार

आज उभं राहणं कमी, वाद जास्त. प्रवेशाला भावना घेऊन यायचं तर ती आणायची कुठून?

बाईंनी जुनं भांडण सांगितलं. १९३१ साली न्यूयॉर्कमध्ये हॅरल्ड क्लर्मन, चेरिल क्रॉफर्ड आणि ली स्ट्रासबर्ग यांनी ग्रुप थिएटर काढलं, माइस्नर त्यात नट होता. स्ट्रासबर्गचा भर नटाने स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग आठवून ती भावना परत जागी करण्यावर. त्याच संस्थेतली स्टेला ॲडलर १९३४ मध्ये पॅरिसला जाऊन, ज्याच्या पद्धतीवरून हे भांडण होतं त्या रशियन दिग्दर्शक स्तानिस्लाव्हस्कीलाच भेटली, काही आठवडे त्याच्याजवळ काम केलं, आणि परत येऊन सांगितलं की आठवणी उकरण्यापेक्षा नाटकातली परिस्थिती आणि कल्पनाशक्ती यांवर भिस्त ठेवा. माइस्नर तिच्या बाजूचा. त्याच्याकडेही तयारी असते, पण ती दिवास्वप्नासारखी, मनाने रचलेली, आणि फक्त प्रवेशाच्या पहिल्या क्षणापुरती. आत पाऊल टाकलं की पुढचं समोरच्याकडून.

मास्तर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, एका नाटकात ते रोज स्वतःच्या आईचं जाणं आठवून रडायचे. टाळ्या पडायच्या. पंधराव्या-सोळाव्या प्रयोगाला आठवण काढली आणि काहीच आलं नाही. “प्रयोग कसातरी निभावला. पण त्यानंतर घरीही आईची आठवण काढली की नाटकातला दिवाच दिसतो.”

त्यानंतर कुणाला वाद घालावासा वाटला नाही. डबा उघडला.

३ ऑगस्ट, रविवार

काका आणि पोरगा यांचा प्रवेश उत्तम. माझा वाईट. ‘आई असती तर’ला उतार. बाईंनी तिथे तीनदा चमच्याने पेला वाजवला.

६ ऑगस्ट, बुधवार

बाबांना सहज विचारलं की चालू मागांच्या शेडमध्ये एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला कसं बोलायचा? हातवारे तर करायचोच, म्हणाले, पण तोंडाने बोलायचं तर जाड आवाज चालत नाही. माग स्वतः जाड बोलतो, मिनिटाला शंभरावर वेळा धोटा (आडवा धागा नेणारा) फेकतो, त्यात जाड आवाज बुडतो. “बारीक काढायचा. तुकड्यातुकड्यात. आणि ज्याला सांगायचं त्याच्याकडं बघून.” वहीत जसंच्या तसं उतरवलं.

१० ऑगस्ट, रविवार

काल नारळी पौर्णिमा, मार्कंडेय महाराजांचा रथ. अक्का दिवसभर मिरवणुकीत होती, आज आली तेव्हा पाय सुजलेले.

बाईंनी मधल्या भिंतीतली झडप उघडायला लावली. पलीकडच्यांनी काही हरकत घेतली नाही, उलट दोघं झडपेशी येऊन बघत बसले. आवाज सरळ अंगावर. मला शेडच्या एका टोकाला उभं केलं, अक्काला दुसऱ्या टोकाच्या दाराबाहेर. भावाची वाक्यं माझी, बहिणीची तिची.

पहिली फेरी मी मुद्दाम माझ्या पद्धतीने केली. पूर्ण खर्ज, पोटातून, जसा स्मृती मंदिरात लावतो. अक्काने हात हलवून खूण केली, काय? पुन्हा म्हटलं. पुन्हा तीच खूण. झडपेतला एक जण हसला.

दुसऱ्या फेरीला बाबांचं ऐकलं. बारीक, तुकडे करून, तिच्याकडे बघत. तिने उत्तर दिलं. तिचं ऐकू यावं म्हणून मला दोन पावलं पुढे जावं लागलं, बोल्टला ठेच लागली, ती “अय्यो” म्हणाली आणि मी तेही परत म्हणालो. मग संहिता पुढे सरकली. ‘आई असती तर’ आलं आणि गेलं, कुठे उतरलं की नाही ते मला माहीत नाही. बाईंनी पेला वाजवला नाही.

शेवटी म्हणाल्या, “दोन ठिकाणी खोटं बोललात. पण बाहेरपर्यंत ऐकू आलं.” कुठली दोन, ते सांगितलं नाही. स्मृती मंदिरात हे टिकेल का, परीक्षकांना चालेल का, ते नोव्हेंबरात कळेल. तिथे माग नसतात, खोकणारी माणसं असतात. खर्जही मी अगदी टाकून देणार नाही.

शेड १५ तारखेला सोडायची आहे. मालकाने ती गोदामाला दिली. निघताना सवयीने पलीकडचे माग मोजले. सात. परत मोजले, सातच. झडपेशी जाऊन विचारलं तर म्हणाले, तो लंगडा आता चालवत नाही, पट्टा बदलूनही कुरकुरत होता.

लाइटबिल चारशे दहा. बाईंचं धरायचं नाही असं ठरलंय. प्रत्येकी ब्याऐंशी, पोराचे मी भरतो.